आळस नव्हे, हालचालींच्या समन्वयातील अडचण

प्रश्न : माझा मुलगा 8 वर्षांचा आहे. तोंडी उत्तरे चटकन देतो, पण लेखी काम कधीच वेळेत पूर्ण करत नाही. बुटांच्या नाड्या अजून मलाच बांधाव्या लागतात, शर्टाची बटणे वरखाली लागतात आणि चेंडू झेलणे त्याला जमत नाही. शाळेतून ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. घरातील वडीलधारी म्हणतात, मोठा झाला की सुधारेल. वाट पाहावी का? – एक आई

उत्तर : वाट पाहू नये, तपासणी करून घ्यावी. आपण लिहिलेल्या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येकीला काही ना काही कारण देता येते आणि म्हणूनच ही अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु लेखन, कपडे घालणे आणि चेंडू झेलणे अशा तीन निराळ्या कामांत एकच मूल बरोबरीच्या मुलांच्या मागे राहत असेल आणि त्याची समज मात्र चांगली असेल, तर हालचालींच्या समन्वयाचा, म्हणजे डोळे, हात आणि पाय यांचा मेळ बसण्याचा, विचार करावाच लागतो. या अवस्थेला ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात. ‘डिस्प्रॅक्सिया’ हे नावही आपल्या कानावर आले असेल. शाळकरी वयातील साधारण 5 ते 6 टक्के मुलांमध्ये ती आढळते. मुलग्यांमध्ये तिचे निदान अधिक होते आणि वेळेआधी जन्मलेल्या मुलांमध्ये तिचा धोका जास्त असतो.

मुलाचे काय चुकते याच्याइतकेच ते नवे काम कसे शिकते, याकडे लक्ष द्यावे. इतर मुले पाहून पाहून जे उचलतात, त्यासाठी या मुलांना प्रत्येक पायरी सांगावी लागते, सराव कितीतरी अधिक लागतो, आणि घरी जमलेली गोष्ट दुसऱ्या जागी किंवा घाईत पुन्हा अडते. कालचे सुवाच्य अक्षर आज बिघडते, तेव्हा ‘मनात आणले तर येते की’ असे मोठ्यांना वाटते आणि तेथेच मुलावर अन्याय होतो. खेळाच्या तासाला वारंवार पोट दुखणे, सायकल नकोच म्हणणे, चित्रकलेची वही हरवणे, ही टाळाटाळसुद्धा नोंदवून ठेवावी; माझ्या मते ती पडण्या-धडपडण्याइतकीच बोलकी असते.

एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. ही अडचण लहानपणापासून असते आणि मूल उशिरा का होईना पुढे जात राहते. पूर्वी सहज येणारी गोष्ट येईनाशी झाली, चालताना अलीकडेच तोल जाऊ लागला, शरीराची एकच बाजू कमजोर वाटली, जमिनीवरून उठताना मूल मांड्यांवर हात टेकत उठू लागले, किंवा सकाळी डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर समन्वयाच्या चाचण्यांची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जावे. तेथे स्नायूंचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो.

आपण प्रथम बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि दृष्टीही तपासून घ्यावी. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे स्कॅन करून या अवस्थेचे निदान होत नाही. शंका वाटल्यास दुसरे आजार वगळण्यासाठी ते केले जाते. पुढची तपासणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) किंवा फिजिओथेरपिस्ट करतात. हाताचे कौशल्य, चेंडू फेकणे-झेलणे आणि तोल सांभाळणे यांच्या प्रमाणित चाचण्या घेऊन ते मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करतात. केवळ गुण कमी पडले म्हणून निदान होत नाही. त्या अडचणीमुळे रोजचे जगणे किंवा अभ्यास अडतो का, हेही पाहिले जाते. यासाठी आपली घरची नोंद उपयोगी पडेल. पाच वर्षांच्या आत मुलांची वाढ इतकी कमी-अधिक वेगाने होते की सहसा निदान केले जात नाही, पण आपला मुलगा ते वय ओलांडून गेला आहे. अवधानाची समस्या अनेकदा सोबत असते, तेव्हा तिचीही चौकशी करावी.

‘मोठा झाला की सुधारेल’ हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत खरे ठरत नाही. अडचण मोठेपणीही राहते. उपाय मात्र आहेत, आणि जे काम यायला हवे तेच काम लहान टप्पे पाडून शिकवणारी पद्धत त्यांत अधिक उपयोगी ठरली आहे.

प्रश्न : वर्गात असे मूल दिसल्यास पालकांना काय सांगावे? – एक शिक्षिका

उत्तर : निदान सांगू नये, निरीक्षण सांगावे. ‘अमुक वेळात इतर मुले एक पान लिहितात, याच्या चार ओळी होतात; तोंडी उत्तरे बरोबर असतात’ असे लिहून दिले तर पालक दुखावत नाहीत आणि डॉक्टरांनाही नेमकी माहिती मिळते. तपासणी होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. लेखनाला जादा वेळ द्यावा, फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम कमी करावे, उत्तराचे गुण अक्षरावरून कापू नयेत आणि खेळात संघ पाडताना मुलांनी मुले निवडण्याची पद्धत आजच बंद करावी.