एससीए-2 असलेल्या वडिलांची वाचताना ओळ का सुटते?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना एससीए-2 चं (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, म्हणजे शरीराचा तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक मेंदूविकाराचा दुसरा प्रकार) निदान झालंय, चष्म्याचा नंबर बरोबर आहे, तरी पेपर वाचताना ओळ सुटते. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. निदान होण्याआधी आम्ही तिला तीन चष्मे करून दिले. बिचारी दर वेळी म्हणायची, "आता जरा बरं वाटतंय."

या आजारात बहुतेक वेळा डोळा शाबूत असतो, बिघडते ती त्याची हालचाल. वाचताना आपली नजर सरकत नाही, उड्या मारते. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 400 अंशांच्याही वर जातो. ती उडी घडवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात आणि एससीए-2 मध्ये त्या झिजतात. मग नजर जागची हलते, पण अगदी सावकाश. आई मान वळवून किंवा पापणी मिटून नजर पुढे न्यायची. आम्हाला ती सवय वाटायची.

ही संथ नजर मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी हेरली होती. 1971 मध्ये त्यांनी आणि डॉ. स्वामींनी 'ब्रेन' या नियतकालिकात अशा नऊ कुटुंबांचं वर्णन छापलं. जनुक सापडलं थेट 1996 मध्ये. त्याआधी पाव शतक केवळ रुग्णाची नजर निरखून हा वेगळा आजार ओळखला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जनुकीय रिपोर्टवर आकडा 2 च आहे ना, हे मात्र एकदा बघून घ्या. एससीए-7 या दुसऱ्या प्रकारात खुद्द दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, झिजतं. रंग ओळखताना गल्लत होते, उजेडाने डोळे दिपतात, समोरचं धूसर होतं. कधी कधी तोल जाण्याच्या कितीतरी आधी. तिथे दृष्टिपटलाची तपासणी वेळोवेळी करावीच लागते.

वडिलांसाठी जाड काळ्या कागदात एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ती पानावर ठेवून वाचू द्या. आईला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. रस्ता ओलांडताना सोबत राहा. येणारी गाडी त्यांना दिसते, पण नजर तिच्यावर उशिरा पोचते. आईचं गाडी चालवणं आम्ही तेव्हाच थांबवलं.

आजार मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के. तुम्ही स्वतःची चाचणी करणार असाल तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. माझ्या भावाने केली. मी अजून केलेली नाही, आणि घरात मला कोणी घाई करत नाही.