तालुक्याच्या गावी क्लबच्या मासिक भोजन-बैठकीसाठी हॉटेल कसे निवडावे?

पस्तीस-चाळीस सदस्यांच्या क्लबला दर महिन्याला रात्रीच्या जेवणासह बैठक घ्यायची असल्यास तालुक्याच्या गावात हॉटेल कोणत्या निकषांवर निवडावे, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका गावात मी चार वर्षे क्लबचा सचिव होतो आणि तेवढ्या काळात आम्ही तीन जागा पाहिल्या. पहिल्या दोन जागा केवळ जेवण चांगले म्हणून निवडल्या होत्या आणि तेच चुकले. तिखट कमी करायला आचाऱ्याला सांगता येते. जागेच्या गोंगाटाला मात्र कोणालाच काही सांगता येत नाही.

पहिले हॉटेल महामार्गालगत होते. तिथली ‘फॅमिली रूम’ म्हणजे मोठ्या दालनाला मध्ये प्लायवूडची भिंत घालून केलेली खोली होती, आणि पहिल्याच बैठकीच्या रात्री त्या भिंतीपलीकडे कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. मी मागील बैठकीचे इतिवृत्त वाचले, समोरच्या दोन टेबलांपलीकडे ते कोणालाही ऐकू गेले नाही, आणि तरीही नोंदवहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे मीच लिहिले. दुसरी जागा आम्ही ऑक्टोबरात पाहिली तेव्हा अगदी शांत होती. एप्रिलमध्ये वीज गेली तेव्हा कळले की जनरेटर सभागृहाच्या खिडकीखालीच ठेवला आहे. खिडकी उघडी ठेवावी तर डिझेलचा धूर, बंद करावी तर विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद कूलरसमोर बसून चर्चा करायची. म्हणून ज्या वारी आणि ज्या वेळी आपली बैठक होणार आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी दोघा-तिघांनी तिथे जाऊन जेवून यावे, आणि वीज गेल्यावर काय चालू राहते हे मालकाला स्पष्ट विचारावे. त्याच फेरीत स्वच्छतागृह आणि रात्री साडेदहाला परतायचा रस्ताही महिला सदस्यांनी स्वतः पाहिलेला बरा.

आपला तालुका वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असेल तर दारूबंदीमुळे एक प्रश्न मुळातच मिटतो. आमच्याकडे मात्र ऐसपैस जागा बहुधा ‘बार अँड रेस्टॉरंट’चीच असते, आणि प्रवेश बारमधून आहे म्हणून आमच्या काही सदस्यांनी येणेच सोडले होते. सभागृहाला वेगळा जिना नसेल तर अशी जागा घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

जेवणाबाबत महत्त्वाचे म्हणजे ताटांची हमी. अडतीस सदस्यांमागे आम्ही तीस ताटांची हमी देत असू, नेमका आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवत असू, आणि तिसांहून कमी लोक आले तरी तीस ताटांचे पैसे देत असू. एवढे पाळले की मालकही आपल्याला पाळतो. सावजी रस्सा हवा असणारे आणि कांदा-लसूणही न खाणारे एकाच पंगतीत बसणार असतील तर भांडी आणि वाढपी वेगळे आहेत का, हे स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. श्रावणात आम्ही पाटवडी आणि वडाभात ठेवत असू, आणि खरे सांगायचे तर त्याच महिन्यात उपस्थिती सर्वाधिक असे. पक्के बिल खजिनदाराने दर वेळी घ्यावे. त्यावर जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक पाहावा, कारण नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या (म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरणाऱ्या छोट्या) हॉटेलला तो ग्राहकाकडून घेता येत नाही.

दर महिन्याला जागा बदलावी, असेही कोणीतरी सुचवेल. रोटरी हे नावच 1905 साली शिकागोत सदस्य आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयांत जमत यावरून पडले, हा दाखला आमच्याकडेही दिला गेला होता. परंतु आमचे निम्मे सदस्य खेड्यांवरून दुचाकीने येत, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्यांना नवा पत्ता शोधायला लावणे म्हणजे गैरहजेरीला निमित्त देणे होते.

खरी अडचण लग्नसराईची असते. तीनशे ताटांचे काम आले की तीस ताटांचा क्लब कोणत्याही मालकाला जड होतो, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. तिसरी जागा, म्हणजे बसस्थानकामागच्या एका खानावळीचा माडीवरचा हॉल, घेताना आम्ही वर्षभराच्या बारा तारखा आधीच लिहून दिल्या, थोडा बयाणाही दिला, आणि मालकाने गल्ल्यामागच्या भिंतीवरील कॅलेंडरवर त्या आमच्यासमोर लाल पेनाने गोल करून ठेवल्या.