कोल्हापुरात पावसाळ्यात तळघराच्या भिंती पाझरतात. आतून वॉटरप्रूफिंग केलं तर थांबेल का?

नुसत्या आतल्या कोटिंगने थांबणार नाही. आधी बाहेरचं पाणी भिंतीपासून लांब न्या. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन पाण्याने तुडुंब होते, मागून दाब आला की आतला थर फुगतो आणि पापुद्रे सुटतात. बांधकामावर हे नेहमी बघतो. गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशी न सोडता थेट गटारापर्यंत न्या, अंगणाचा उतार बाहेर काढा. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा करून फ्लोटवर आपोआप चालू होणारा पंप बसवा (ऐन पावसात वीज जाते, इन्व्हर्टर हवाच). मात्र घर पंचगंगेच्या पूररेषेत असेल तर २०१९सारख्या पुरात हे पुरत नाही: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सामान वर हलवा, आणि पाणी ओसरेपर्यंत तळघर उपसू नका, बाहेरच्या दाबाने भिंत आत ढासळू शकते.