बुद्धिबळात सलग डाव हरल्यावर आक्रमक खेळ परत कसा आणायचा?

लागोपाठ हरल्यापासून तुम्ही फक्त बचाव करता, मोहऱ्याचा बळी द्यायला (हल्ल्यासाठी मोहरा मुद्दाम गमवायला) हात धजावत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे भल्याभल्यांचं होतं. मिखाईल ताल १९६० मध्ये जगज्जेता झाला, १९६१ च्या परतीच्या सामन्यात आधीचा जगज्जेता बोत्विनिककडून हरला. तोच ताल १९७३-७४ मध्ये सलग ९५ डाव अपराजित राहिला.

आधी ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, बंद करा. हरल्याच्या रागात लगेच पुढचा डाव लावण्यासारखं घातक काही नाही. मग हरलेले डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) न लावता बघा. तुम्हाला दिसेल की बरेचसे डाव हल्ला फसल्याने गेलेले नाहीत, घाबरून मोहरे मागे घेतल्याने गेलेत.

माझ्या मते हिंमत हिशेबातून येते. एच७ वरचा उंटाचा बळीच घ्या (एच७, जी५ ही पटावरच्या घरांची नावं): काळ्याच्या राजाजवळचं एच७ वरचं प्यादं उंटाने मारायचं, राजाने उंट मारला की जी५ वरून घोड्याने शह द्यायचा. काळ्याचा घोडा एफ६ वर नाही ना? आपला घोडा जी५ ला आणि वजीर एच५ ला पोहोचतो ना? राजा जी८ ला परतला तर पुढचं सोपं असतं. पण तो जी६ ला वर आला तर? बहुतेक जण इथेच हिशेब सोडतात आणि मग बळी द्यायलाच घाबरतात. ही एकच शाखा पटावर मोहरे मांडून, दोन्ही बाजूंनी खेळून पक्की करा.

रोज थोडी कोडी सोडवा, सोपी असली तरी चालतील. परत खेळायला लागाल तेव्हा निदान १५ मिनिटांचे डाव खेळा, आणि लागोपाठ दोन हरलात की त्या दिवशी थांबा.