सेकंड इयरला आहे, वर्षभर बाहेर जाऊन बायोलॉजी करून येऊ का?

प्रश्न: ताई, मी नागपुरात सरकारी कॉलेजला एमबीबीएस सेकंड इयरला आहे. माझी मामेबहीण इंग्लंडमध्येच वाढली, मेडिकल पण तिकडेच करते, आणि थर्ड इयर झाल्यावर तिने मेडिकल वर्षभर थांबवून बायोलॉजीत बीएससी घेतलंय, पुढच्या वर्षी परत आपल्या मेडिकलच्या वर्गात जाऊन बसणार. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिने लॅब दाखवली, झेब्राफिशची पिल्लं, एकदम काचेसारखी, आतलं हृदय धडधडताना बाहेरून दिसत होतं. तेव्हापासून पॅथॉलॉजीचं पुस्तक उघडलं की मन लागत नाही. मला बारावीपासून बायोलॉजीच आवडायची, डॉक्टरकी जास्त घरच्यांची. मला पण एक वर्ष असं करून परत येता येईल का? बाबा म्हणतात वेड लागलं का, सीट घालवशील.

उत्तर: बाबांचं निम्मं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे राग यायचा तो आत्ताच येऊन जाईल.

बहीण करतेय त्याला तिकडे इंटरकॅलेटेड डिग्री म्हणतात, आणि तिने काही धाडस वगैरे केलेलं नाही बरं का, ते वर्ष तिकडच्या कोर्समध्ये धरलेलंच असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल इथे तर आधीची डिग्री नसेल तर सगळ्यांनाच करावं लागतं म्हणून तिथे मेडिकल सहा वर्षांचं, बाकी बऱ्याच ठिकाणी कोर्स पाच वर्षांचा आणि हौस असेल त्याने सहावं घ्यावं. वर्ष संपलं की तिची जागा तिच्यासाठी ठेवलेली असते.

आपल्याकडे असा खणच नाही. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, संपलं. ॲडमिशनपासून ९ वर्षांत कोर्स पूर्ण करायचा असा नियम आहे आणि ९ ऐकून वाटतं की अरे भरपूर जागा आहे, पण ती जागा अडकलेल्यांसाठी आहे, फिरून येणाऱ्यांसाठी नाही. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, ती मँचेस्टरमध्ये बसून कशी लागणार? माझ्या बॅचचा एक पोरगा थर्ड इयरला सहा महिने बाहेर गेला होता, कॉलेजने तोंडी हो म्हटलं होतं, कागद काही दिला नाही. परत आला तर हजेरी शॉर्ट, ज्युनियर बॅचमध्ये बसला, आणि ज्यांना तो ॲनाटॉमी शिकवायचा त्याच पोरांबरोबर इंटर्न झाला. त्याला वर्ष गेल्याचं इतकं नव्हतं जितकं याचं लागलं.

आणि समजा कॉलेजने लेखी दिलंच, तरी तिकडच्या त्या एका वर्षाच्या जागा बहुतेक तिकडच्याच मेडिकलवाल्यांसाठी असतात. इथून जाणाऱ्याला मग पहिल्यापासून तीन वर्षांचं बीएससी. ते तुला नकोय.

आता बाबांचं चुकलेलं निम्मं. बायोलॉजीसाठी सीट सोडावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं? आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, एसटीएस म्हणतात सगळे, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट, एमबीबीएस-बीडीएसच्या पोरांसाठीच. गाइड आपल्याच कॉलेजचा लागतो, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि शेवटी रिपोर्ट वेळेत टाकावा लागतो, नाही टाकला तर ना सर्टिफिकेट ना पैसे. पोरं तिथेच मार खातात. गाइड मोठ्या नावाचा शोधू नको, संध्याकाळी पाचनंतर डिपार्टमेंटमध्ये सापडतो तो शोध.

विषय? अरे तू नागपुरात बसून विषय विचारणार का! सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, विदर्भाइतका जवळून बघायला मिळणारी ठिकाणं देशात फार नाहीत. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं, एवढीच चूक, आणि ती १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने पकडली केंब्रिजमध्ये, म्हणजे तू जायला बघतोस त्याच देशात. पण पेशंट आपल्या नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीत बसलेत. माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टला मी सॉल्युबिलिटी टेस्ट करायचे, नळीत रक्ताचा थेंब आणि द्रावण, मागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. साधं रक्त असेल तर रेषा आरपार दिसतात, सिकलचं असेल तर नळी गढूळ होते आणि रेषा गायब. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. एकदा दोन सख्खे भाऊ आले होते, दोघंही एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेले, एक दर दोन महिन्यांनी ॲडमिट आणि दुसरा मजेत क्रिकेट खेळणारा. भारतातल्या सिकलवाल्यांत फीटल हीमोग्लोबिन, म्हणजे पोटातल्या बाळाचं असतं ते, सहसा जास्त असतं म्हणून आजार सौम्य जातो असं पुस्तकात वाचशील, मग आपल्याच वॉर्डात इतकी पोरं वेदनेने कळवळत का येतात? हा बायोलॉजीचाच प्रश्न आहे ना बाप्पा, आणि झेब्राफिशपेक्षा कमी भारी नाही.

पूर्ण वर्ष बाहेर काढायचंच तर इंटर्नशिपनंतर काढ. यूकेत एमएस्सी किंवा एमआरेस एका वर्षात होतं. एमआरेसमध्ये लेक्चर कमी, लॅब जास्त, तुझ्यासारख्याला तेच. पैशासाठी चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण ते दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात आणि परतून दोन वर्षं देशात राहायची अट घालतात. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. सरकारी कॉलेजचा आहेस तर एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉन्ड असेल, ॲडमिशनच्या वेळी न वाचता सही केली असशीलच, तो कागद काढून वाच. बॉन्डचं वर्ष पगारी असतं, चेव्हनिंगच्या अनुभवात धरता येतं. व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात, ऐनवेळी काकांकडून उसने आणून भागत नाही. आणि हे मास्टर्स करून तू स्पेशालिस्ट होत नाहीस, नीट पीजी वेगळीच राहते, हे बाबांना आधीच सांग. नंतर कळलं तर घरात जास्त भडका उडेल.

पॅथॉलॉजी सोडू नको मात्र. हीमॅटॉलॉजीचा चॅप्टर आधी घे, सिकल त्यातच आहे.

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. पण ती म्हणते मला पेशंट बघायचे नाहीत, लॅबमध्ये काम करायचंय. एमबीबीएस करून संशोधनात जाता येतं का, की आत्ताच दुसरं बघावं? (एक आई, नागपूर)

उत्तर: जाता येतं. सीएसआयआर नेट या संशोधनासाठीच्या परीक्षेला एमबीबीएस चालतं, त्यानंतर पीएचडी करणारे डॉक्टर आहेत. पण पेशंट बघायचेच नाहीत असं ती आत्ताच स्पष्ट म्हणत असेल तर साडेपाच वर्षं वॉर्डात तिला कशाला फिरवता? पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचं बीएस-एमएस आहे, नागपूरहून एका रात्रीच्या गाडीवर. तिला एकदा विचारून बघा की पेशंट नको म्हणजे रक्त बघून चक्कर येते म्हणून नको, की खरंच लॅबच हवी. पहिलं असेल तर ते फर्स्ट इयरला डिसेक्शन हॉलमध्ये महिनाभरात जातं, माझं गेलं होतं. आयसरला नीटचे मार्क चालत नाहीत, आयएटी ही परीक्षा वेगळी द्यावी लागते आणि तिचा फॉर्मही वेगळा भरायचा असतो, तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.