चिंचोक्याची सोंगटी

प्रश्न : ताई, माझं वय 54, राहायला मिरजेत. फाउंड्रीतली नोकरी गेल्या दिवाळीत सुटली. मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळालाय. फी सरकारी सवलतीत बसली, पण वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप धरून 90 हजार उभे करायचेत. शाळेत असल्यापासून जमवलेले पटावरचे 41 खेळ माझ्याकडे आहेत. दोन व्यापार, स्क्रॅबल, क्लूडो, स्कॉटलंड यार्ड, मित्रानं जर्मनीहून आणलेला कॅटान, असं बरंच. शिवाय आजीच्या माहेरची सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. जुन्या सामानाचा एक दुकानदार सगळं मिळून 8 हजारांना मागतोय. बायको म्हणते, देऊन मोकळे व्हा. मुलगी म्हणते, माझ्यासाठी विकणार असाल तर मी पुण्याला जातच नाही. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून झालं आणि माझी नजर आपोआप माळ्याकडे गेली. आमचा माळा आता रिकामा आहे. 2017 साली यजमानांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यांनी आपले खेळ विकले. स्वतः विकले. मी फक्त मोजायला बसायचे.

ती मोजणी मला अजून आठवते. स्क्रॅबलच्या अक्षरांच्या चकत्या परातीत ओतल्या आणि दहा-दहाच्या रांगा लावल्या. भरायला हव्यात 100, भरल्या 98. एक माझ्या शिवणाच्या डब्यात बटणांत सापडली. दुसरी काही मिळाली नाही. यजमानांनी चिठ्ठी लिहिली, ‘99 आहेत, एक ‘ई’ नाही’, ती डब्यात वरच ठेवली आणि किंमत उतरवली. घ्यायला आलेला मुलगा म्हणाला, चिठ्ठी बघूनच घेतोय, बाकीचेही असतील तर दाखवा. त्यानं पुढे आणखी सात खेळ नेले.

म्हणून दुकानदाराला आज नाही म्हणा. तो ढीग घेऊन जाईल आणि एकेक डबा वेगळा विकेल. ते काम तुम्हीच करा, प्रत्येक डब्यातले तुकडे मोजून यादी करा. कॅटानला जमिनीचे 19 षटकोनी तुकडे आणि मालाचे 95 पत्ते असतात. क्लूडोचे पत्ते 21, हत्यारं 6. यादीतला खेळ पूर्ण असला की त्याला किंमत येते, एक फासा हरवला तरी गिऱ्हाईक हात आखडतं. जो खेळ अजून छापला जातो, त्याची जुनी प्रत साधारण नव्याच्या निम्म्यात जाते, चांगली असली तर थोडी वर. छपाई थांबलेला, डबा धड असलेला खेळ मात्र घाईनं देऊ नका. लोक काय भाव सांगतात ते बघू नका, कितीला गेला ते विचारा. आणि 90 हजार सगळे यातूनच निघतील, असं धरून चालू नका. शैक्षणिक कर्जाचा अर्ज आजच बँकेत द्या. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. खेळांचे पैसे वसतिगृहाच्या पहिल्या हप्त्याला येतील, एवढंच मनाशी ठेवा.

फोनवर गिऱ्हाईक येईल. पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणेल. तिथंच फोन ठेवून द्या. आपल्याला पैसे यायचे असतील तर काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. आमच्या शेजारच्यांचे जुना सोफा विकताना असेच 14 हजार गेले. खात्यात पैसे दिसल्याशिवाय पार्सल घराबाहेर काढायचं नाही. आणि दिवस पावसाचे आहेत. डबा आधी प्लॅस्टिकमध्ये, मग खोक्यात, कोपऱ्यांना वर्तमानपत्राचे बोळे. फाटलेल्या डब्याला चिकटपट्टी लावू नका, ती निघताना वरचं चित्र घेऊन जाते.

गंजिफा या ढिगात धरूच नका. 120 पानं पूर्ण आहेत का बघा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कोरड्या कापडानं नुसती धूळ झटका. शंभर वर्षांच्या वरची असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती तुम्हाला परदेशी पाठवता येणार नाही, कुणी डॉलर दाखवले तरी. माझं ऐकाल तर ही विकायची वेळ आलीच, तर सगळ्यात शेवटी. दिवसा डाव असेल तर रामाच्या राजावाल्यानं सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाच्या. आजीच्या माहेरी ज्यांनी हे डाव मांडले, त्यांची बोटं त्या पानांवरून फिरली आहेत. 8 हजारांच्या ढिगात ते जाऊ नये.

आता जे मला तुम्हाला खरं सांगायचंय. आम्ही मोजत गेलो तसं एक ध्यानात आलं. ज्या खेळांवर आमचं घर सगळ्यात जास्त खेळलं, ते कुणी घेईचनात. आमच्या व्यापारात हिरवी सोंगटी नव्हती, तिच्या जागी चिंचोका होता. शंभराच्या नोटा कमी पडल्या म्हणून धाकट्यानं वहीच्या कागदावर पेन्सिलीनं केलेल्या होत्या, गांधीजींना चष्मा विसरलेला. बाजारात त्या डब्याचे पन्नास रुपयेही आले नसते. यजमान म्हणाले, “मग हा राहिला.” घरातून 60 डबे गेले, पण पोरांचं लहानपण ज्यात होतं ते तीन-चार आमच्याकडेच उरले. विकला गेला तो बराचसा जपून ठेवलेला, कधीकधीच उघडलेला माल होता.

तुमच्याकडेही दोन व्यापार आहेत. माझी खात्री आहे, त्यातला एक असाच असणार. लेकीला ‘तुझ्यासाठी विकतोय’ म्हणू नका, तिच्या डोक्यावर ते ओझं कशाला? तिला परात घेऊन मोजायला बसवा. याद्या तिच्या हस्ताक्षरात होऊ देत. कुठला विकायचा नाही, तेही तिलाच ठरवू द्या. वहिनींनाही बोलवा, त्यांना नुसते डबे दिसतात कारण त्या आत काय आहे ते बघायला कधी बसल्या नसतील.

आणि जो व्यापार ठेवाल तो माळ्यावर टाकू नका. टीव्हीखालच्या कपाटात ठेवा. लेक दिवाळीच्या सुट्टीत घरी येईल तेव्हा हाताशी हवा.