तुमचे प्रश्न : व्हॉलंटियरची सही घेतली की झालं का?

प्रश्न : आमची संस्था छोटी आहे, पंचवीसेक व्हॉलंटियर्स. मागच्या महिन्यात माळ्यावरून खोकी उतरवताना एक मुलगा शिडीवरून घसरला, नशिबाने फक्त खरचटलं. आता कमिटी म्हणते की सगळ्यांकडून 'काही झालं तर जबाबदारी माझी' असं लिहून घ्या. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. कागदावर सही केली म्हणून शिडी घसरायची थांबत नाही, आणि संस्थेचाच निष्काळजीपणा असेल तर अशा सहीने कायद्यातूनही सुटका होईलच असं नाही, ते वकिलाला विचारा. फॉर्म घ्यायचाच तर असा घ्या की काम काय आहे, त्यात धोका काय आहे आणि घरच्या कुणाला फोन करायचा हे त्यात लिहिलेलं असेल.

त्या मुलाच्या हातात खोकं होतं का हो? बहुतेक असणारच, आणि खरी गोची तिथेच आहे. शिडीवर दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला हवा, म्हणजे दोन्ही हातात खोकं धरून उतरणं हे मुळातच चुकीचं काम, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तो ते करत होता. यात त्याची चूक नाही, काम ज्यांनी ठरवलं त्यांची आहे. एकाने वरून द्यायचं, दुसऱ्याने खालून घ्यायचं, तिसऱ्याने शिडी धरायची, आणि शिडी जेवढी उंच टेकवाल त्यातल्या दर 4 फुटांमागे पाया भिंतीपासून 1 फूट लांब. खोकी भरतानाच हलकी भरा. कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतली निऑश ही संस्था, सगळं अगदी आदर्श असतानासुद्धा, एका माणसाने उचलायच्या वजनात 23 किलोच्या वर जात नाही, आणि वाकून, वळून उचलायचं असेल तर त्याहून बरंच कमी. त्यापेक्षा जड सामान माळ्यावर ठेवूच नका ना, खाली ठेवा, धोकाच गेला!

विमा असेल तर एजंटकडून लेखी घ्या की बिनपगारी व्हॉलंटियर त्यात धरलेत का, कारण पॉलिसी कर्मचाऱ्यांपुरतीच निघाली हे अपघातानंतर कळून उपयोग नाही.

आणि एक वही ठेवा, त्यात अपघात होता होता टळलेले प्रसंगही लिहायचे, कुणाचंही नाव न घेता. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण लोक फुकट काम करतात म्हणून तक्रार करायला लाजतात, 'एवढं काय त्यात' म्हणतात. 'मला हे काम नको वाटतं' असं कुणी म्हणालं तर कारण न विचारता दुसरं काम द्या. वहीतली पहिली नोंद त्या मुलालाच विचारून करा.